घरातील ग्रंथ आणि घरातील गाणे : बेने इस्राएल समाजाच्या मराठी बालसंस्काराचा एक विचार

प्रस्तावना

मराठी बालवाङ्मयाचा इतिहास शिकविताना आपण बहुधा सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्या ‘बाळमित्र’ व ‘इसापनीतिकथा’ या १८२८ च्या सुमाराच्या पुस्तकांपासून आरंभ करतो. हा आरंभ योग्य असला तरी तो शाळेसाठी सिद्ध झालेल्या पुस्तकांचा आहे. आईवडिलांनी मुलांना जवळ बसवून वाचलेल्या आणि त्यांच्यासह गायिलेल्या मुद्रित वाङ्मयाला या इतिहासात फारसे स्थान मिळालेले नाही. कोकणातून मुंबई-पुण्यात आलेल्या, मराठी हीच मातृभाषा असलेल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाचे घरगुती वाङ्मय या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. ते मुद्रणाच्या इतिहासातील नवल नसून मराठी बालवाङ्मयाचा एक वेगळा प्रवाह आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रश्न विचारणारे मूल

१८४६ मध्ये मुंबईत हिब्रू मूळ व मराठी भाषांतर असलेली ‘हग्गादा’ शिळाछापावर छापली गेली. १८७४ मध्ये पुण्यात तिची आणखी एक मराठी आवृत्ती निघाली. पेसाह या सणाच्या रात्री घरी भोजनाच्या वेळी वाचावयाचा हा ग्रंथ होय. मिसर देशातील दास्यातून झालेल्या मुक्तीची कथा त्यात येते. परंतु त्याचा विशेष कथेपेक्षा रचनेत आहे. ही रात्र इतर रात्रींहून वेगळी का, असा प्रश्न घरातील लहानात लहान मुलाने विचारावयाचा आणि मग वडीलधाऱ्यांनी कथन करावयाचे, असा क्रम आहे. पुढे चार प्रकारच्या मुलांचा विचार येतो : शहाणा, उद्धट, भोळा आणि ज्याला प्रश्नच विचारता येत नाही असा. या चौथ्यासाठी मोठ्यांनी आपण होऊन विषय काढावा, असा संकेत आहे.

‘बाळमित्र’सारख्या पुस्तकात बोध मोठ्यांकडून मुलाकडे जातो. येथे मात्र मुलाने तोंड उघडल्याशिवाय ग्रंथ पुढे सरकत नाही. मुलाचे मौन हा मुलाचा दोष न मानता मोठ्यांची जबाबदारी मानणारा हा विचार आजच्या अध्यापकालाही अंतर्मुख करणारा आहे.

मराठी भाषांतराचे महत्त्व याच ठिकाणी स्पष्ट होते. न समजणाऱ्या हिब्रूत पाठ केलेला प्रश्न हा केवळ विधी ठरतो. तो मराठीत आला की मूल खरोखर विचारू लागते. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण सिद्ध केले होते व मिशनच्या शाळांतून या समाजातील मुले शिकत होती. अशा काळात धर्मकथा घरच्या भाषेत घरातच सांगण्याचे साधन समाजाने स्वतःच्या हाती घेतले, ही गोष्ट भाषांतराच्या वाङ्मयीन गुणाहून कमी मोलाची नाही. १८७४ च्या पुण्याच्या आवृत्तीतील चित्रांत सणाची तयारी करणाऱ्या स्त्रिया भारतीय वेषात दिसतात. मुलाला ग्रंथात आपलेच घर दिसावे, ही बालपुस्तकाची पहिली गरज तेथे भागलेली आहे. सणांची जुनी घरगुती नावेही याच जातीची आहेत. पेसाहला ‘अनाशी ढाकायचा सण’, वर्षारंभाला ‘नव्याचा सण’ आणि पुरीमला ‘होळीचा सण’ म्हणत असत.

गाण्यातून कथा

१८८० पासून या समाजात मराठी कीर्तने होऊ लागली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची चरित्रे ओवी, साकी, दिंडी अशा परिचित छंदांत बांधली गेली. कथा अन्य परंपरेतील आणि चाल मात्र कानात आधीच बसलेली, असा हा मेळ होता. पुढे ही गाणी स्त्रियांनी वह्यांतून जपली. अ‍ॅना शुल्ट्झ या अभ्यासिकेने या स्त्रीगीतांचे संशोधन केले आहे. तथापि कीर्तनाची मर्यादाही नोंदविली पाहिजे. कीर्तनात मूल श्रोता असते. हग्गादेतील प्रश्नकर्त्याची जागा त्याला तेथे मिळत नाही. म्हणून ग्रंथ आणि गाणे ही परस्परांना पूरक साधने मानणे युक्त होईल.

पेसाहच्या रात्री अनेक ज्यू परंपरांत गायिले जाणारे ‘हद गद्या’ हे करडाचे साखळीगीत १५९० च्या प्राग येथील हग्गादेत छापलेले आढळते. एकामागून एक पात्र जोडत जाणाऱ्या या रचनेची गंमत ‘उंदराची टोपी’ ऐकलेल्या मराठी मुलाला वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

स्थलांतर आणि भाषा

१९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. तेथे जुनी स्थिती उलटली. पूर्वी हिब्रू समजावून देण्यासाठी मराठी होती, तर आता नातवंडांना आजीची मराठीच समजावून द्यावी लागते. अमेरिकेत २००५ पासून ‘पीजे लायब्ररी’ हा उपक्रम ज्यू बालपुस्तके घरपोच विनामूल्य पाठवितो. त्याचा लाभ मोठा आहे. परंतु पुस्तक घरी पोहोचणे आणि ते घरच्या भाषेत, घरच्या चालीवर मुलाच्या ओठी येणे यांत अंतर राहते. ते अंतर टपालाने भरून निघत नाही.

समारोप

चांदूर बाजारच्या वर्गात हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तो दूरचा नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजने आपल्याकडील मुले पुस्तकाआधी घरीच ऐकतात. मेळघाटातील कोरकू मुलाची घरची भाषा मात्र शाळेच्या दाराशीच थांबते आणि आपण त्याच्या गप्प राहण्याला मंदपणा समजतो. हग्गादेतील चौथे मूल ते हेच. त्याच्यासाठी विषय कोणी काढावयाचा, याचे उत्तर त्या ग्रंथाने दिले आहे. बालवाङ्मयाच्या अभ्यासक्रमात शालेय पुस्तकांच्या बरोबरीने अशा घरगुती ग्रंथांना व गाण्यांना स्थान मिळाल्यास ते उत्तर आपल्यापर्यंत पोहोचेल.