गाल्बीची कृती बरोबर, कारण चूक

पेटची तयारी करणाऱ्या दोघांतिघांनी एकच प्रश्न विचारला: शोधनिबंध 'चिकित्सकपणे' वाचायचा म्हणजे नेमकं काय करायचं? गाइड लोक हा शब्द सारखा वापरतात, पण करून कुणी दाखवत नाही. आज करून दाखवते, फक्त शोधनिबंधावर नाही, पाककृतीवर. पाककृती म्हणजे तरी काय, 'मटेरियल्स अँड मेथड्स'च. तिला रेफरी नसतो एवढंच.

कृती घेतली आहे कोरियन गाल्बीची, म्हणजे बीफच्या बरगड्या मसाल्यात मुरवून निखाऱ्यावर किंवा तव्यावर भाजायच्या. मी सध्या सुवॉनमध्ये राहते आणि हे शहर गाल्बीसाठीच ओळखलं जातं, म्हणून ही निवड. तुमच्यापैकी बरेच जण बीफ खात नसतील, आणि २०१५ च्या कायद्यापासून महाराष्ट्रात गोवंशाचं मांस मिळतही नाही. त्याने अडत नाही. आपल्याला तपासायची आहेत ती वाक्यं.

घरी करायच्या गाल्बीच्या कृती चार ठिकाणी वाचल्या तरी सांगाडा एकच असतो. किलोभर आडव्या कापलेल्या बरगड्या घ्या. तासभर थंड पाण्यात ठेवा. साधारण अर्धा कप सोया सॉस, तीन-चार चमचे साखर, अर्धी किसलेली कोरियन नाशपाती, कांदा, पाच-सहा लसूण पाकळ्या, पातीचा कांदा, तिळाचं तेल, मिरपूड, हे सगळं एकत्र करून मांसाला लावा. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. मोठ्या आचेवर दोन्ही बाजूंनी भाजा.

आता पेन्सिल घ्या आणि अशा कृतीत जिथे जिथे 'म्हणून' येतं तिथे खूण करा. रक्त निघून जावं म्हणून भिजवा. मांस मऊ व्हावं म्हणून नाशपाती घाला. मसाला आतपर्यंत जावा म्हणून रात्रभर ठेवा. रस आत कोंडला जावा म्हणून मोठी आच. 'म्हणून'च्या एका बाजूला काय करायचं ते असतं, दुसऱ्या बाजूला ते का करायचं. ही दोन वेगळी विधानं आहेत आणि त्यांचे पुरावेही वेगळे. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी एखादी गोष्ट केली आणि पदार्थ चांगला झाला, तर तो पुरावा 'काय'चा आहे. 'का'ला त्यातला काहीही लागू होत नाही. गाल्बीच्या कृतींबद्दल माझं मत असं की त्या जे करायला सांगतात ते बहुतेक बरोबर आहे, आणि जी कारणं देतात ती बहुतेक चूक किंवा अर्धवट.

भिजवण्यापासून सुरुवात करू. पाणी लाल होतं हे खरं. पण जनावर कापतानाच रक्ताचा बहुतेक भाग वाहून गेलेला असतो. पाण्यात उतरतं ते मुख्यतः मायोग्लोबिन, स्नायूंतलं लाल प्रथिन. मग भिजवणं वाया गेलं का? नाही. या बरगड्या हाडासकट यांत्रिक करवतीने कापतात, आणि प्रत्येक कापावर हाडाचा बारीक भुसा चिकटलेला असतो. तो धुतला नाही तर दाताखाली कचकच लागते. म्हणजे पायरी हवीच, कारण दुसरं. आणि कारण बदललं की पायरीही बदलते: भुसा काढायचा असेल तर बोटाने चोळून दोन पाण्यांत धुणं तासभर नुसतं बुडवून ठेवण्यापेक्षा कामाचं.

नाशपातीचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे, आणि खरी मजा तिथेच आहे. कोरियन नाशपाती ('बे') गोल, तपकिरी सालीची, कुरकुरीत आणि भरपूर रसाची. तिच्यात प्रथिनं तोडणारे एन्झाइम आहेत, ही गोष्ट खोटी नाही. किवी, अननस, पपई यांतही ती असतात. आपल्याकडे मटणाला कच्ची पपई लावतात ती त्याचसाठी. पण नाशपातीतली ही ताकद किवी किंवा अननसाच्या मानाने सौम्य. शिवाय एन्झाइम हा मोठा रेणू, मांसात तो फार खोल शिरत नाही. मग रात्रभर मुरलेली गाल्बी इतकी मऊ का लागते?

उत्तर सुरीत आहे, आणि कृतीत सुरीचा उल्लेख बहुतेक वेळा साहित्याच्या पहिल्या ओळीतच संपतो. बरगडीच्या या मांसात कोलॅजेन भरपूर असतं. कोलॅजेन विरघळून जिलेटिन व्हायला मंद आचेवर काही तास लागतात. म्हणून गाल्बीजिम या शिजवलेल्या प्रकारात तेच मांस चमच्याने तुटतं. भाजताना मात्र हातात पाच-सात मिनिटं असतात. तेवढ्यात कोलॅजेन हलत नाही. म्हणून कोरियन स्वयंपाकाने तो प्रश्न आचेऐवजी पात्याने सोडवला. जुनी पद्धत अशी: हाड एकच, त्याला चिकटलेलं मांस गुंडाळी उलगडावी तसं पातळ उघडत न्यायचं आणि त्यावर सुरीने जाळीसारख्या चिरा द्यायच्या. नवी पद्धत एलए गाल्बीची: तीन-चार हाडं एकाच पट्टीत येतील अशी आडवी, सहा-आठ मिलिमीटर जाडीची कापं. वर ताटाजवळ कात्री असतेच, तिने भाजलेली पट्टी घासाएवढी कापतात. चावायचं काम तीन वेळा आधीच झालेलं असतं, आणि श्रेय नाशपातीला.

रिसर्चच्या भाषेत याला कन्फाउंडिंग म्हणतात. नाशपाती घातलेली जवळजवळ प्रत्येक गाल्बी पातळही असते. दोन गोष्टी कायम जोडीने येतात, परिणाम एकच दिसतो, आणि जिचं नाव नवखं तिला श्रेय मिळतं. कसायाच्या हाताची पाककृतीत साहित्य म्हणून नोंद होत नाही, हेही त्यामागचं एक कारण असावं.

यात काय एवढं, पदार्थ तर चांगला होतोय ना? परिस्थिती तीच राहिली तर खरंच काही बिघडत नाही. पण पातळ काप न मिळालेला माणूस 'नाशपाती मऊ करते' यावर विसंबून दोन इंच जाडीचे तुकडे आणतो आणि मुरवण्याचा वेळ दुप्पट करतो. डिफ्यूजनचा नियम इथे दयामाया दाखवत नाही: अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट लागतो. सहा मिलिमीटरच्या कापाऐवजी चोवीस मिलिमीटरचा घेतला तर मिठाला मध्यापर्यंत पोचायला साधारण सोळापट वेळ. आणि हे मिठाचं, कारण ते लहान आहे. एन्झाइम तर बाहेरच राहतं. दुसरा एक जण नाशपाती नाही म्हणून तेवढीच किवी घालतो आणि रात्रभर ठेवतो. सकाळी कापाचा पृष्ठभाग पिठूळ झालेला असतो. कारण चूक असलं की बदल चुकीच्या जागी केला जातो. दुसऱ्याची प्रोटोकॉल आपल्या लॅबमध्ये आणताना अगदी हेच होतं.

सोया सॉसबद्दलही लिहिताना लोक 'त्याशिवाय गाल्बी नाही' असं लिहून जातात. सुवॉनची नावाजलेली गाल्बी मिठाची आहे, सोया सॉसची नाही; १९४० च्या दशकात इथे सुरू झालेल्या ह्वाचुनोक या खाणावळीपासून ती परंपरा सांगतात. एक उलटं उदाहरण पुरतं.

मोठ्या आचेने रस आत कोंडला जातो, हा समज एकोणिसाव्या शतकातल्या युस्टुस फॉन लिबिश या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या लिखाणातून पसरला आणि प्रयोगांत टिकला नाही. तव्यावर चर्रर्र होतं तो आवाजच मुळी बाहेर पडणाऱ्या पाण्याचा. मोठी आच हवी ती मायार अभिक्रियेसाठी (मायारने ती १९१२ मध्ये मांडली), म्हणजे तपकिरी रंग आणि भाजका वास. ती झपाट्याने व्हायला पृष्ठभाग १४० अंशांच्या आसपास जायला हवा, आणि ओला पृष्ठभाग शंभराच्या वर सरकत नाही. यातून निघणारी सूचना मात्र अनेक कृतींत नसते: मुरलेले काप निथळून घ्या, तव्यावर गर्दी करू नका. साखर आधी करपते, म्हणून घरच्या तव्यावर आच पूर्ण मोठी नको, थोडी खाली, आणि सारखं उलटत राहायचं. इथल्या कृतींची सर्वांत कच्ची बाजू ही. त्या निखाऱ्याच्या जाळीसाठी लिहिलेल्या असतात आणि फ्लॅटमधल्या तव्यावर तशाच चिकटवलेल्या असतात.

नावाचंही एक 'म्हणून' आहे. एलए गाल्बी हे नाव लॉस एंजेलिसमधल्या कोरियन स्थलांतरितांवरून पडलं, असं एक मत. दुसरं मत, आडव्या कापासाठीच्या 'लॅटरल' या इंग्रजी शब्दाची ती पहिली दोन अक्षरं. मला दुसरं पटत नाही. इंग्रजी बोलणारे कसाई या कापाला 'फ्लँकन' म्हणतात. मग कोरियन लोकांनी त्यांच्याकडून 'लॅटरल' कसा उचलला? पहिल्या मताच्या मागे निदान माणसं आहेत: १९६५ च्या अमेरिकन कायद्यानंतर तिथे मोठ्या संख्येने गेलेली कोरियन कुटुंबं, आणि हाडासकट आडवं कापणारी तिथली करवत. दुसरं मत फार नीटनेटकं आहे, आणि व्युत्पत्तीत नीटनेटकेपणा दिसला की मी जरा थांबते.

साहित्याच्या यादीतली 'एलए कट आणा' ही ओळही वाटते तेवढी निरुपद्रवी नाही. अमेरिकेत मॅड काऊ आजाराची गाय सापडल्यावर डिसेंबर २००३ मध्ये दक्षिण कोरियाने तिथलं बीफ बंद केलं. २००६ मध्ये परवानगी मिळाली ती फक्त हाडाविना, आणि हाडाचे कण सापडले म्हणून माल परत गेला. २००८ मध्ये हाडासकट आयातीचा करार झाला तेव्हा सोलमध्ये हजारो लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर उतरले. पद्धतीच्या विभागात 'बाजारातून आणलं' असं लिहिलेलं दिसलं की तारीख विचारा.

आता नाशपातीचा दावा तपासायचा तर काय कराल? चार वाट्या. एकीत कच्ची नाशपाती. दुसरीत तीच नाशपाती उकळून गार केलेली, म्हणजे एन्झाइम निकामी पण साखर आणि पाणी तेवढंच. तिसरीत नाशपातीऐवजी तितक्याच गोडीचं साखरेचं पाणी. चौथीत गोड काहीच नाही. मीठ, सोया सॉस, वेळ सगळीकडे सारखं. प्रत्येक वाटीत पातळ आणि जाड असे दोन्ही काप, एकाच बरगडीतले. पहिली वाटी दुसरीपेक्षा मऊ लागली तर एन्झाइम कामाला आलं. दोन्ही सारख्या लागल्या आणि जाड-पातळमध्येच फरक पडला तर सुरी. खाणाऱ्याला वाटी कळता कामा नये, हे तुम्हाला सुचलंच असेल. कात्री चालवणाऱ्यालाही कळता कामा नये. त्याला कच्ची नाशपाती माहीत असली तर तिचे घास तो नकळत लहान कापेल.