अक्षर आले, रचना कधी येणार?

मराठी संकेतस्थळाचे कौतुक करताना आपण अजूनही रंगांबद्दल, फोटोंबद्दल आणि सरकत्या बातम्यांच्या पट्टीबद्दल बोलतो. पान देखणे असावे याबद्दल दुमत नाही. पण संकेतस्थळ ही वापरायची वस्तू आहे. आलेल्या माणसाला आपले काम कुणाची मदत न घेता उरकता आले का, यावर तिची किंमत ठरते. या कसोटीवर आजची मराठी संकेतस्थळे पाहिली की एक दोष वारंवार दिसतो. पान इंग्रजी मजकुरासाठी आखलेले असते आणि काम संपत आल्यावर त्यात मराठी ओतलेली असते.

संकेतस्थळ आखण्याच्या कलेची तत्त्वे आता नवी राहिलेली नाहीत. याकोब नील्सन यांनी 1994मध्ये मांडलेले दहा नियम आजही डिझाइनच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात शिकवले जातात : काय चालले आहे ते वापरणाऱ्याला दिसू द्या, परत फिरायची वाट ठेवा, चूक झाल्यावर सांगण्याऐवजी ती होऊच नये अशी व्यवस्था करा. स्टीव्ह क्रूग यांच्या 2000 सालच्या पुस्तकाने हेच सामान्य वाचकापर्यंत नेले. सरकारी पातळीवर सर्वांत धाडसी प्रयोग ब्रिटनने केला. शेकडो खात्यांची विखुरलेली पाने एका छताखाली आणणारे त्यांचे संकेतस्थळ 2012मध्ये सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या डिझाइन म्युझियमने त्याला वर्षातील सर्वोत्तम डिझाइनचा मान दिला. त्यावर सजावट जवळपास नाही. पांढरे पान, काळी अक्षरे, एका वेळी एकच प्रश्न. ‘आमच्या खात्याला काय सांगायचे आहे’ हे बाजूला ठेवून ‘नागरिकाला काय हवे आहे’ इथून त्यांनी सुरुवात केली. मला हे या क्षेत्रातले सर्वांत महत्त्वाचे काम वाटते.

आपल्याकडे या वाटेवर आधी एक मोठा डोंगर होता, अक्षराचा. साधारण 2000च्या सुमारास मराठी वृत्तपत्रे संकेतस्थळांवर आली तेव्हा प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा आणि त्यामागची सांकेतिक जुळणीही वेगळी. फॉन्ट उतरवून घेतला नाही तर पडद्यावर निरर्थक इंग्रजी चिन्हांची रांग दिसे. त्या मजकुरात शोध घेता येत नसे आणि तो दुसरीकडे चिकटवला तर त्याचा अर्थ नाहीसा होई. युनिकोडने हा प्रश्न सोडवला. सुलेखनकार र. कृ. जोशी यांचा ‘मंगल’ विंडोज 2000बरोबर घरोघरच्या संगणकांवर पोचला. पुढे मुंबईच्या ‘एक टाइप’ने ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ यांसारखे फॉन्ट मोफत उपलब्ध करून दिले. आज देवनागरी वाचनाला उत्तम अक्षर मिळत नाही, अशी तक्रार कुणी करू नये. अक्षरकारांनी त्यांचे काम चोख केले आहे. मागे पडले आहेत ते पान आखणारे.

त्याचा पुरावा कुठल्याही मराठी पानावर सापडतो. रोमन अक्षरांना दीडपट ओळउंची पुरते. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय असतात. इंग्रजीसाठी ठरवलेली ओळउंची तशीच ठेवली की ‘र्की’वरचा रफार वरच्या ओळीला टेकतो आणि बटणाच्या चौकटीत ‘शुल्क’मधला उकार कापला जातो. पावणेदोनपटीच्या खाली मला तरी मराठी परिच्छेद मोकळा वाटत नाही. दुसरी खोड मथळ्यांची. इंग्रजी मथळ्यात अक्षरांमधले अंतर वाढवले की तो ऐटदार दिसतो. तीच आज्ञा देवनागरीला लावली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. नामांकित संस्थांच्या पानांवरही हे दिसते, आणि त्याचा अर्थ एवढाच की प्रकाशित करण्यापूर्वी मराठी वाचणाऱ्या कुणी ते पान नीट पाहिलेले नाही.

याहून सूक्ष्म गोष्ट भाषेच्या खुणेची. प्रत्येक वेबपानाच्या सुरुवातीला ते कोणत्या भाषेत आहे हे सांगायची सोय असते. मराठीसाठी तिथे ‘एमआर’ ही दोन अक्षरे लिहायची. चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये ल आणि श यांची हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणे साठवलेली असतात. खूण असेल तर ब्राउझर मराठी वळण निवडतो, नसेल तर बहुधा हिंदी. हीच खूण अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरला कोणत्या आवाजात वाचायचे ते सांगते. आयत्या साच्यात ‘इंग्रजी’ अशी खूण राहून गेली, की ते यंत्र मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या स्वाधीन करू शकते. दोन अक्षरांच्या आळसाने डोळस वाचकाचा ल बिघडतो आणि अंध वाचकाचे अख्खे पान.

मग येतात फॉर्म. सरकारी सेवा, बँक, प्रवेशप्रक्रिया, सगळी कसोटी इथे लागते. गावांची किंवा आडनावांची लांबलचक यादी उघडते, पण तिचा क्रम संगणकाच्या सांकेतिक क्रमांकांनुसार लावलेला असतो. युनिकोडमध्ये ळ हा ल नंतर लगेच येतो; आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. त्यामुळे ‘काळे’ हे नाव ‘कावळे’च्या आधी लागते आणि शाळेत शिकलेल्या क्रमाने शोधणारा माणूस यादी खालीवर करत बसतो. मराठीचा योग्य क्रम सॉफ्टवेअरच्या जागतिक मानकांत नोंदलेला आहे, फक्त तो मागून घ्यावा लागतो. वयाच्या रकान्यात कुणी ‘४५’ असे देवनागरी आकडे लिहिले की अनेक फॉर्म ते नाकारतात. ते ओळखून रूपांतर करणे हे प्रोग्रॅमरचे अगदी किरकोळ काम आहे. आणि नाकारताना रकाना कोणता, चूक काय, दुरुस्त कसे करायचे हे न सांगता लाल अक्षरांत ‘अवैध माहिती’ एवढेच छापणे हा मला उद्धटपणा वाटतो. समोरच्याने अर्धा तास खर्चून भरलेला अर्ज त्या दोन शब्दांनी पुसला जातो.

सुगम्यतेबाबत कायदा आणि निकष दोन्ही तयार आहेत. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान 4.5 : 1 असा फरक असावा, हा आंतरराष्ट्रीय निकष 2008पासून आहे. भारत सरकारने आपल्या संकेतस्थळांसाठी 2009मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आणली आणि 2023मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती काढली. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात माहिती तंत्रज्ञानाची सुगम्यता येते. एप्रिल 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तरीही महत्त्वाची सूचना सही-शिक्क्याच्या कागदाचे छायाचित्र म्हणून चढवली जाते. ती शोधात सापडत नाही, मोबाइलवर वाचता येत नाही, स्क्रीन रीडरला तर ते कोरे पान. जिल्ह्यांची संकेतस्थळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या एका समान साच्यावर आल्यापासून निदान मेन्यू कुठे असेल याचा अंदाज येतो, ही सुधारणा मात्र मनापासून नोंदवावी अशी.

बातम्यांच्या संकेतस्थळांबद्दल थोडक्यात. वाचायला घेतलेला परिच्छेद जाहिरात उतरताच खाली घसरतो, सूचना पाठवायची परवानगी मागणारी चौकट आडवी येते आणि बंद करायची फुली बोटाखाली सापडत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023मध्ये वस्तू आणि सेवा विकणाऱ्या मंचांसाठी फसव्या रचनांचे 13 प्रकार निषिद्ध ठरवले. पुन्हा पुन्हा टोचत राहणे हा त्यातलाच एक. वाचकाला वाचू न देणारे वृत्तपत्र छापील रूपात एक दिवसही खपले नसते. याउलट 1 मे 2003पासून चालू असलेला मराठी विकिपीडिया पाहावा. दिसायला साधा, उघडायला हलका, आणि मराठी टंकनाची सोय शोधपेटीतच. पैशाच्या मागे न धावता रचना किती सुसह्य होऊ शकते याचा तो रोजचा पुरावा आहे.

हे बदलण्याचा मार्ग खर्चिक नाही. नील्सन यांचा जुना सल्ला आहे : एका वेळी पाच माणसांना पानासमोर बसवा आणि ती कुठे अडतात ते गप्प राहून पाहा, बहुतेक मोठे दोष तेवढ्यात उघडे पडतात. मराठी संकेतस्थळासाठी ही पाच माणसे डिझायनरच्या कार्यालयातली नकोत. सातबाऱ्याचा उतारा काढणारा शेतकरी, मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारी आई, मोबाइलवरच सगळे व्यवहार करणारा रिक्षाचालक, चष्म्याचा नंबर वाढलेले निवृत्त शिक्षक आणि स्क्रीन रीडर वापरणारी विद्यार्थिनी यांना स्वस्त फोन आणि डगमगते नेटवर्क देऊन बसवावे. संकेतस्थळाचे काम कंत्राटाने देताना ही चाचणी अटींमध्ये लिहावी, आणि तिचा अहवाल पाहिल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.