नाव तेच, पण शब्द तोच का? सामाईक लायब्ररींच्या भांडणाविषयी

मागच्या व्याख्यानात एक प्रश्न अर्धवट राहिला होता. कालची वस्तू आणि आजची वस्तू 'तीच' आहे, असं आपण कशावरून म्हणतो? आज त्याच प्रश्नाला संगणकाच्या बाजूनं भिडायचं आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसानं सोर्सकोडच्या भानगडीत का पडावं, असं काहींनी विचारलं. आम्ही पडलो, तोंडघशी पडलो, म्हणून बोलतो आहोत.

आपल्या बुलडाणा जिल्ह्यातल्या एका वाचनालयात जुन्या नियतकालिकांची पानं स्कॅन करून ठेवली आहेत. त्यांतला मजकूर शोधता यावा म्हणून आम्ही टेसरॅक्ट हा अक्षरं ओळखणारा मुक्त प्रोग्रॅम घ्यायचं ठरवलं. त्याला मराठी वाचता येतं. तिथल्या लिनक्स मशीनवरची आवृत्ती जुनी, म्हणून पाचवी आवृत्ती सोर्सपासून बांधायला घेतली. चित्रं हाताळण्यासाठी टेसरॅक्टला लेप्टोनिका ही लायब्ररी लागते. तीही नवी बांधली. आता मशीनवर दोन लेप्टोनिका झाल्या. बांधणीत हेडर फाइल वाचली गेली नवीची आणि जोडणीला सापडली जुनी. हेडर म्हणतं अमुक फंक्शन आहे, लायब्ररी म्हणते नाही. बांधणी अडली.

आम्ही काय केलं? जुनी लायब्ररी काढूनच टाकली. आमचं काम झालं. दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल म्हणाले, "सर, पानं दाखवणारा आपला प्रोग्रॅम कालपर्यंत चालत होता." तो जुन्या लेप्टोनिकावर उभा होता, हे आम्ही पाहिलंच नव्हतं. मग दुसरी, त्याहून वाईट चूक केली. नव्या फाइलकडे नेणारी सिमलिंक जुन्या क्रमांकाच्या नावानं करून दिली. 'फाइल सापडत नाही' ही तक्रार थांबली, पण प्रोग्रॅम पान उघडताना कोसळू लागला. चार दिवस एकाही वाचकाला एक पान बघता आलं नाही.

आता यातला विचार पाहू. 'सोऽयं देवदत्तः' हे वेदान्तातलं घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण. तेव्हाचा तो आणि आत्ताचा हा; स्थळकाळ वेगळे, माणूस एक. संगणकाचा लोडरही असंच ओळखतो, पण नावावरून. प्रत्येक सामाईक लायब्ररीला क्रमांकासह एक नाव असतं, त्याला एसओनेम म्हणतात. प्रोग्रॅम बांधताना ते नाव त्याच्या पोटात लिहिलं जातं आणि चालवताना लोडर त्या नावाची फाइल शोधतो. जुने प्रोग्रॅम मोडतील असा बदल केला तर क्रमांक बदलायचा, असा संकेत आहे. म्हणजे तो क्रमांक हा लायब्ररी लिहिणाऱ्यानं दिलेला शब्द असतो. आम्ही सिमलिंक केली, तेव्हा दुसऱ्याच्या नावानं खोटा शब्द दिला.

पण शब्द म्हणजे फक्त लेखी नियम का? आमच्या भागात भावाभावांत सामाईक विहीर असते आणि पाण्याची पाळी तासांवर ठरते. एकानं तीनऐवजी साडेसात हॉर्सपॉवरची मोटर बसवली, तर कागदावरचे तास तेच राहतात आणि दुसऱ्याची पाळी कोरडी जाते. कागद मोडला नाही, वहिवाट मोडली.

२०१० मध्ये हेच झालं. फेडोरा १४ वर फ्लॅश प्लेअरचा आवाज बिघडला. जीलिबसी या पायाभूत लायब्ररीतलं मेमसीपीवाय हे फंक्शन मेमरीतला मजकूर एका जागेवरून दुसरीकडे नेतं. त्या दोन जागा एकमेकींवर येऊ नयेत, हा सी भाषेचा लेखी नियम. फ्लॅश तो मोडत होता, पण कॉपी पुढच्या दिशेनं होत असल्यामुळे निभावत होतं. नव्या, वेगवान पद्धतीत दिशा उलटली. 'चूक फ्लॅशची' हे कागदोपत्री खरंच. पण लिनस टोरवाल्ड्स वापरणाऱ्यांच्या बाजूनं वादात उतरले आणि आम्हाला ते पटतं. २०११ च्या जीलिबसी २.१४ नं दोन्ही राखलं: जुन्या प्रोग्रॅमना जुनी वागणूक, नव्यानं बांधलेल्यांना नवी.

कुणी म्हणेल, सामाईक कशाला? ज्यानं त्यानं आपली लायब्ररी पोटात घेऊन फिरावं. हे म्हणजे प्रत्येक भावानं आपलं बोअर मारण्यासारखं. भांडण मिटतं आणि पाणी खाली जातं. २००२ मध्ये झेडलिब लायब्ररीत सुरक्षेची चूक सापडली. सामाईक प्रत वापरणाऱ्यांना एक दुरुस्ती पुरली. ज्यांनी स्वतःची प्रत पोटात घेतली होती, ते प्रोग्रॅम एकेक करून शोधावे लागले.

यावर सर्वांत गंभीर विचार एल्को डोलस्ट्रा यांनी उट्रेख्त विद्यापीठातल्या २००६ च्या पीएच.डी. प्रबंधात केला. त्यांच्या निक्स पद्धतीत लायब्ररी कोणत्या सोर्सपासून, कोणत्या कंपायलरनं, कशाकशाच्या आधारानं बांधली, या सगळ्याचा हॅश तिच्या जागेच्या नावातच येतो. दोन लेप्टोनिका शेजारी सुखानं नांदतात. आमचा अपघात तिथे झालाच नसता. प्रबंधाचं हे यश निर्विवाद आहे.

आमचा आक्षेप वेगळा आहे. हा संगणकातला क्षणिकवाद आहे. कणभर बदल झाला की वस्तू वेगळी. त्यामुळे तळच्या लायब्ररीत एक ओळ दुरुस्त केली की तिच्यावर उभं असलेलं सगळं नव्यानं बांधावं लागतं. बौद्धांना नैयायिकांनी जे विचारलं, तेच इथे विचारावं लागतं: काहीच टिकत नसेल, तर दिलेला शब्द पाळणारा कोण? हॅश वस्तूची ओळख पटवतो, जबाबदारी घेत नाही. जीलिबसीनं ती घेतली, म्हणून आम्ही तिला वरचा मान देतो.

वाचनालयात आम्ही शेवटी जुनं पॅकेज परत बसवलं, सिमलिंक काढली. आमची बांधणी प्रीफिक्स देऊन वेगळ्या फोल्डरात केली आणि तिथला रस्ता आरपाथनं आमच्याच प्रोग्रॅममध्ये लिहिला. आता काहीही काढण्याआधी, ते कोण वापरतंय हे एलडीडीनं तपासतो. ही अक्कल त्या चार दिवसांची किंमत देऊन आली. ती किंमत आम्ही नाही, वाचकांनी मोजली. सामाईक गोष्टीला हात लावताना एवढं लक्षात ठेवावं.

इथे थांबतो. प्रश्न विचारा.