‘चांगला’ हे विशेषण कोणी लावले?

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील शोमरोनी माणसाची कथा आपल्या घराघरांत ठाऊक आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले ती शिकतात, उपासनेच्या चक्रात दर तीन वर्षांनी ती रविवारच्या मिस्सात वाचली जाते. अतिपरिचयामुळे एक गोष्ट मात्र नजरेआड होते. आपण तिला ‘चांगल्या शोमरोन्याचा दृष्टान्त’ म्हणतो; परंतु ‘चांगला’ हे विशेषण मूळ कथेत कोठेही नाही. ते पुढे शीर्षक देणाऱ्यांनी बहाल केले. एकाला ‘चांगला शोमरोनी’ म्हणताना बाकीचे शोमरोनी तसे नसतात, असे आपण न बोलता गृहीत धरतो. प्रभूने जो पूर्वग्रह मोडला, तोच आपण कथेच्या माथ्यावर लिहून ठेवला आहे.

लूकची कथनशैली पाहण्यासारखी आहे. शोमरोन्याला कळवळा आला, एवढेच तो त्याच्या मनाविषयी सांगतो. पुढे केवळ क्रियापदे येतात. तो जवळ गेला, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून त्या बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर बसविले, उतारशाळेत नेले, त्याची काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी त्याने दोन दिनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची कमाई, काढून दिले आणि जास्त खर्च झाल्यास परतताना फेडण्याचा शब्द दिला. जखमीशी त्याचे एकही वाक्य नाही. तो बोलतो ते उतारशाळेच्या मालकाशी, आणि तेही हिशेबाचे. त्याने जखमीला उपदेश केला नाही की त्याचा धर्म विचारला नाही. श्रद्धा येथे कृतीतच विरघळून गेली आहे.

या कसोटीवर आपले सेवाविषयक लेखन तपासून पाहावे. आपल्या स्मरणिकांत देणाऱ्याचे नाव असते, छायाचित्र असते, शाल-श्रीफळ असते. घेणारा मात्र ‘एक गरीब विधवा’ किंवा ‘एक अनाथ मुलगा’ एवढाच उरतो. लूकने दोघांनाही निनावी ठेवले. आपण एकालाच निनावी ठेवतो, आणि तेथेच दयेचे दातृत्वाच्या मिरवणुकीत रूपांतर होते.

जालन्यात हा दृष्टान्त वाचताना रेव्हरंड नारायण शेषाद्री यांचे स्मरण अपरिहार्य आहे. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या ब्राह्मण तरुणाने पुढे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाळक म्हणून जालना ही आपली कर्मभूमी केली. निजामाच्या राज्यात, सालारजंगांच्या कारकिर्दीत मिळालेल्या जमिनीवर त्यांनी शहराजवळ बेथेल हे गाव वसविले. गावकुसाबाहेर ठेवलेल्या मांग आणि महार समाजांतील ख्रिस्ती कुटुंबांना तेथे हक्काची जागा मिळाली. ते प्रॉटेस्टंट होते, म्हणून आपल्या वाडवडिलांच्या लेखी परकेच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६४ च्या ख्रिस्ती ऐक्यविषयक आदेशाने आपल्याला त्यांच्याकडे बंधुभावाने पाहायला शिकविले. आपल्या जिल्ह्याचा शोमरोनी शोधायचा, तर तो आपल्या कुंपणापलीकडे सापडतो.

मात्र समीक्षकाने बेथेललाही तीच कसोटी लावली पाहिजे. बाप्तिस्म्यानंतर मूळ गावात जगणे कठीण झाल्यावर स्वतंत्र वसाहतीची गरज समजण्याजोगी आहे. तरीही त्या वसाहतीला धर्माची सीमा होती. शोमरोन्याच्या करुणेला ती नव्हती. शिवाय आज आपल्याला संस्थापकाचे नाव ठाऊक आहे. ज्यांच्या हातांनी गाव उभे राहिले, त्यांची किती नावे आपल्या ओठांवर आहेत?

यरुशलेम-यरीहोची वाट आपल्याला फार दूरची वाटते. ८ मे २०२० रोजी ती आपल्याच दाराशी आली. टाळेबंदीत काम थांबलेले, जालन्याच्या पोलाद कारखान्यातील मध्य प्रदेशचे मजूर गावाकडे जाणारी गाडी गाठण्यासाठी लोहमार्गाने भुसावळच्या दिशेने पायी निघाले होते. दमून ते करमाडजवळ रुळांवरच झोपले, आणि पहाटे मालगाडीखाली सोळा जणांचा अंत झाला. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकरी-पोळ्यांची छायाचित्रे देशाने पाहिली. वाटेवरच्या गावांना दोष देण्याचा माझा अधिकार नाही; दारे बंद ठेवण्याचाच तो काळ होता. पण कथेतील याजकाकडे आणि लेव्याकडेही काही कारण असणारच. वळसा घालून जाणारा माणूस बहुधा क्रूर नसतो; त्याच्याजवळ एक सबळ कारण असते. याजक म्हणून मला कथेतील हा भाग सर्वांत अधिक बोचतो.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पोप फ्रान्सिस यांनी ‘फ्रातेल्ली तुत्ती’ हे परिपत्रक प्रसिद्ध केले आणि त्याचा दुसरा अध्याय याच कथेला वाहिला. मराठीत ‘शेजारी’ म्हणजे भिंतीला भिंत लागून राहणारा. शास्त्र्यानेही माझा शेजारी कोण, असेच विचारले होते. प्रभूने प्रश्न उलटविला: जखमीचा शेजारी कोण झाला? उत्तर देताना शास्त्र्याच्या तोंडून ‘शोमरोनी’ हा शब्द निघाला नाही. दया करणारा, एवढेच तो म्हणाला. शेजार हा भूगोलाने मिळत नाही, तो पत्करावा लागतो, हे यातून उमगते.

शोमरोनी उरलेले पैसे फेडायला परतला की नाही, हे लूक सांगत नाही. तो हिशेब त्याने वाचकावर सोपविला आहे. आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला निघणारी कुटुंबे, परप्रांतातून आपल्या कारखान्यांत आलेले मजूर, हे आज आपल्या उतारशाळेच्या दारात आहेत. वाचकहो, त्यांच्यासाठी काही कराल तेव्हा पुढच्या स्मरणिकेतून देणाऱ्याचे नाव गाळून पाहा. त्यानंतरही लिहिण्याजोगे काही उरले, तर ती आपली श्रद्धा होय.