कॉफी बरी झालीय

समीक्षकाला स्वतः कादंबरी लिहिता आली पाहिजे, अशी अट कोणी घातलेली नाही. घातली असती तर मराठीतली निम्मी समीक्षा जन्मालाच आली नसती. मी शाळेत मराठी शिकवले. कवितेची एक ओळ न रचता शेकडो कवितांचे रसग्रहण केले आणि मुलांकडून करवून घेतले. त्याच न्यायाने घरातल्या कॉफीची समीक्षा मी छत्तीस वर्षे केली. समीक्षा त्रोटक असे. पहिला घोट घ्यायचा आणि वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणायचे, ‘बरी झालीय.’ फारच खूश असलो तर, ‘आज जायफळ छान लागतंय.’ एवढ्या भांडवलावर मी स्वतःला कॉफीतला जाणकार समजत होतो.

जळकोट हे तसे चहाचे गाव. इथे कोणी कॉफी मागितली, की हा माणूस आजारी आहे का पुण्याचा आहे, एवढे दोनच प्रश्न समोरच्याच्या मनात येतात. घरोघरी कॉफी होते ती मुख्यतः पाहुणा ‘मी चहा घेत नाही’ असे म्हणतो तेव्हा. हे वाक्य उच्चारणाऱ्याला कल्पना नसते, की त्याने यजमानाच्या घरात केवढी खळबळ उडवून दिली आहे. आतून कुजबुज ऐकू येते, मागच्या दाराने एक पोरगा किराणा दुकानाकडे धावतो आणि मुठीत एक पुडी घेऊन परततो. मग पाहुण्याला जे मिळते ते तो निमूटपणे पितो, आणि पुढच्या वेळी चहा घेतो.

गंमत अशी, की कर्नाटकाची हद्द आमच्यापासून तासा-दीड तासाच्या वाटेवर आहे. देशातली सुमारे ७० टक्के कॉफी त्या राज्यात पिकते. सतराव्या शतकात बाबा बुदान नावाच्या सूफी संताने येमेनहून कॉफीचे सात दाणे लपवून आणले आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावले, अशी कथा आहे. त्या सात दाण्यांचा पसारा दक्षिणेत घरोघरी गेला. आमच्याकडे यायला निघाला तो वाटेतच कुठेतरी चहा प्यायला थांबला असावा.

आता आमच्या घरच्या कॉफीकडे वळतो. कृती माझ्या आईची. हिने ती लग्नानंतर आत्याबाईंकडून, म्हणजे माझ्या आईकडून, जशीच्या तशी उचलली. म्हशीचे दूध, थोडे पाणी, सढळ साखर, त्यात कॉफीची पूड, आणि हे सगळे तीनदा वर येईपर्यंत उकळायचे. शेवटी जायफळ किसून आणि वेलदोडा ठेचून. या कृतीत वर्षानुवर्षे एक ओळसुद्धा बदललेली नव्हती. असे भाग्य ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांनाही लाभले नाही.

गेल्या वर्षी बंगळूरला नोकरी करणाऱ्या आमच्या चिरंजिवांनी एक पार्सल पाठवले. त्यात स्टीलचा फिल्टर होता. एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्याच्या बुडाला बारीक भोके, आत दांडीची एक चकती आणि वर झाकण. सोबत पावशेर कॉफीची पूड आणि चिठ्ठी : ‘बाबा, आता स्वतः करून बघा.’ यातला ‘स्वतः’ हा शब्द मला जरा अनावश्यक वाटला.

पार्सलातली पूड संपेल या काटकसरी विचाराने पहिला प्रयोग मी दुकानातल्या पुड्यांवर केला. तीन पुड्या फिल्टरात टाकल्या, वर उकळते पाणी ओतले. अर्ध्या मिनिटात सगळे खाली! मी विजयी मुद्रेने झाकण काढले, तर वरचे भांडे धुतल्यासारखे स्वच्छ. मुलाला फोन केला तेव्हा कळले, की झटपट कॉफी ही कारखान्यात आधीच करून, वाळवून आलेली असते. तिला गाळणे म्हणजे छापील उत्तरपत्रिका पुन्हा तपासणे. तो फोनवर बराच वेळ हसत होता. शेजारी उभी असलेली त्याची आईही.

मग मात्र मी अभ्यासाला बसलो. पहिली गोष्ट मापाची. शंभर मिलिलिटर पाण्याला वीस ग्रॅम पूड, असे ठरले. घरात वीस ग्रॅमचे वजन नव्हते, म्हणून बाजारातल्या सराफाकडे गेलो. त्याने काट्यावर कॉफी पाहिली, माझ्याकडे पाहिले आणि गंभीरपणे म्हणाला, ‘दोन तोळे, सर. मजुरी नाही.’

दुसरी गोष्ट पाण्याची. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पहिल्या गाडीत ५ लाख लिटर. ज्या जिल्ह्याने पाण्याची आगगाडी पाहिली, तिथे ‘कॉफीला कोणते पाणी घ्यावे’ ही चर्चा जरा हळू आवाजातच करावी. पण फरक पडतो खरा. बोअरच्या जड पाण्यातले क्षार कॉफीचा आंबटपणा खाऊन टाकतात आणि कॉफी मचूळ लागते. विकतच्या जारमधल्या पाण्याची करून पाहिली, तर तीच पूड एकदम बोलकी झाली. पाणी खळखळ उकळतेच ओतू नये, ९२ ते ९६ अंश बरे, असे म्हणतात. आमचा भाग समुद्रसपाटीपासून बराच वर असल्यामुळे पाणी इथे शंभराच्या दीडेक अंश आधीच उकळते. निसर्गाने जळकोटला दिलेल्या मोजक्या सवलतींपैकी ही एक.

पाणी ओतल्यावर पंधरा-वीस मिनिटे काहीच करायचे नसते. थेंब पडत राहतात. मी अंगणात फिल्टर घेऊन बसलेला पाहून शेजारी कुंपणापाशी आला.

‘काय करलालाव, सर?’

‘कॉफी गाळतोय.’

‘व्हय का? म्या म्हणलं, औषध काढलालाव.’

तो अगदीच चुकला नव्हता. खाली जमते त्या दाट रसाला डिकॉक्शन म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत काढा. हे कळल्यावर हिच्या मनात फिल्टरबद्दल जो थोडा आदर होता तोही गेला.

त्या वीस मिनिटांत मला आमच्या जुन्या कॉफीचा दोष नेमका दिसला. पाणी पुडीतून आधी आंबट आणि सुगंधी भाग काढते, मग गोड, आणि कडू सगळ्यांत शेवटी. आम्ही दहा मिनिटे उकळून सगळा कडूपणा शेवटच्या थेंबापर्यंत वसूल करत होतो. उकळताना गल्लीभर जो घमघमाट सुटे त्याचा आम्हाला अभिमान. पण गल्लीत गेला तो वास कपातून गेलेला असतो. मग कडू झाली म्हणून साखर. साखरेने मिठ्ठ झाली म्हणून जायफळ. कथा जमली नाही की लेखक विशेषणे वाढवतो, तशातला प्रकार. आणि बाळगुटीत जे आपण मूल झोपावे म्हणून उगाळतो ते जायफळ, जागे राहण्यासाठी प्यायच्या कॉफीत कशासाठी? एकाच कपात दोन विरोधी पक्ष बसवायचे आणि कारभार चालेल अशी आशा करायची!

नवी कॉफी निर्दोष होती असे मुळीच नाही. पाकिटावर लिहिले होते, ‘संत्रे, गूळ व काजू यांची छटा.’ मी तिन्हींचा कसून शोध घेतला. गूळ सापडला, असे मनाची समजूत घालून म्हणता येईल. उरलेले दोघे अजून बेपत्ता आहेत. हा पाकिटावरचा लेखक आमच्या वर्गात असता तर मी समासात लाल शाईने ‘पुरावा?’ असे लिहिले असते. पाकिटावर चिकोरीही होती, २० टक्के. चिकोरी हे भाजलेले मूळ. नेपोलियनच्या काळात बंदरे बंद पडली तेव्हा कॉफीच्या तुटवड्यात युरोपात तिचा बोलबाला झाला. काढ्याला रंग आणि दाटपणा येतो तो तिच्यामुळे. आपला कायदा म्हणतो, अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी. म्हणजे कॉफीला काठावरचे बहुमत पुरे.

असो. महिनाभर मी रोज सकाळी कॉफी करत होतो. कधी पांचट, कधी जळकी, एकदा तर फिल्टर इतका दाबून भरला की दुपारपर्यंत थेंब नाही. हिला एक कप द्यायचो. ती पोळ्या लाटता लाटता प्यायची आणि काही बोलायची नाही. एके दिवशी जमली. सहाव्या इंद्रियाला कळते तसे कळले. उकळलेले दूध बेताने घातले, एक चमचा साखर, आणि जायफळ घालायचे मी चक्क विसरलो. हिने कप बुडापर्यंत रिकामा केला. मी समोर उभा. आपले पहिले पुस्तक अभिप्रायार्थ पाठवून बसलेला लेखक असाच उभा राहत असेल.

‘बरी झालीय,’ ती म्हणाली.

‘बरी म्हणजे? नेमकं काय बरं झालंय?’ माझा आवाज किंचित चढला.

‘जायफळ नाही, ते बरं झालं. मला आवडत नाही.’

‘मग छत्तीस वर्षं घालत कशाला होतीस?’

‘आत्याबाईंना लागायचं. त्या गेल्यावर मी एकदा घातलं नव्हतं. तुम्ही पेपरातून डोकं न काढता म्हणालात, आज जायफळ छान लागतंय. म्हटलं, राहू दे.’

मला त्या दिवसाचा पेपरसुद्धा आठवेना. मी दोघांचे कप उचलले, फिल्टर उचलला आणि मोरीकडे निघालो.

‘फिल्टर साबणानं घासू नका,’ मागून आवाज आला, ‘वास धरून बसतो. नुसत्या गरम पाण्यानं धुवा.’

हे पाकिटावर कुठेच लिहिलेले नव्हते.