तुरीच्या दाण्याएवढा डोळा

नाटकाचं परीक्षण लिहिणाऱ्याला फुकट पास मिळतो. मला लग्नाचं जेवण मिळालं. तेव्हा सक्करदऱ्यात झालेल्या आमच्या पुतण्याच्या लग्नाच्या ‘ड्रोन फिल्म’चं परीक्षण लिहायला मी लायक आहे.

सुरुवात झकास. टळटळीत ऊन, सक्करदऱ्याचा तलाव, गच्च्यांवरची वाळवणं, सगळं लख्ख. पण वरात निघाली रात्री आठला. नवरदेव म्हणजे एक डाग, घोडी म्हणजे त्याहून मोठा डाग आणि वऱ्हाड म्हणजे खळखळ उकळणारा सावजीचा रस्सा!

“काऊन रे, हे असं काऊन दिसते?” मी ड्रोनवाल्या पोराला विचारलं.

“काका, फोर-के आहे नं!” तो दुखावून म्हणाला.

फोर-के म्हणजे आडवे ३८४० आणि उभे २१६०, जवळपास ८३ लाख ठिपके. पण ते टिपणारा याचा सेन्सर जेमतेम ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढा! कागदावर तो ‘१/२.३ इंची’, म्हणजे ११ मिलिमीटर. पण कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजला तर आठसुद्धा भरत नाही. सांगितलेलं माप आणि भरलेलं माप यांतला फरक बुधवार बाजारात जाणाऱ्याला काय समजावायचा? आमच्या जुन्या रोलच्या कॅमेऱ्याची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटर होती, क्षेत्रफळात तीसपट.

प्रकाश म्हणजे पाऊस समजा. घंगाळात रिमझिमही साठते. वाटीला मुसळधारच हवी. रात्री वाट्या रिकाम्या, मग यंत्र थेंबाचा आवाज वाढवून सांगतं. त्यात खरखर वाढते. ती पुसताना चेहरेही पुसले जातात. मोठा डोळा बसवावा तर मोठं भिंग आलं, वजन आलं. आणि २०२१च्या नियमांत ‘नॅनो’ ड्रोनची हद्द २५० ग्रॅमला संपते.

इथवर मी हसतच होतो. पण दिवाळीत आमची मोठी आई गेली. भिंतीवर लावायला फोटो हवा होता. वरातीत तिनं ड्रोनकडे बघून हात हलवला होता, हे सगळ्यांना आठवत होतं. फिल्म थांबवून पाहिली. तीस मीटरवरून चाळीसेक मीटर रुंदीचा देखावा; हिशेबानं एका चेहऱ्याच्या वाट्याला आडवे तेरा-चौदा ठिपके. मोठी आई त्या तेरा ठिपक्यांत होती. हात तेवढा कळत होता, तोही फराटा होऊन.

शेवटी ट्रंकेतला तिच्या तरुणपणीचा रोलवरचा फोटो लावला. फ्लॅशनं डोळे बारीक झालेले, पण तीच.

ड्रोनवाला पोरगा दर्शनाला आला, फोटोसमोर उभा राहिला आणि हळूच म्हणाला, “काका, पुढच्या लग्नात उडवायच्या आधी खाली सगळ्या म्हाताऱ्यांचे फोटो काढीन.”

माझं परीक्षण इथंच संपतं. दिवसाच्या तलावाला पैकीच्या पैकी, रात्रीच्या वरातीला भोपळा. पोराला मात्र मी पास केलं आहे.