कर्ता कोण, बक्षीस कोण?

व्हिडिओ गेमबद्दल शिक्षक-पालकांच्या तक्रारी बहुधा दोनच असतात: अभ्यास बुडतो आणि डोळे बिघडतात. खेळात नेमके काय आहे, याकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. पाठ्यपुस्तकातला धडा आपण तपासतो, तसाच खेळही तपासायला हवा.

निन्टेन्डो या जपानी कंपनीचा १९८१ सालचा ‘डाँकी काँग’ घेऊ. शिगेरू मियामोतो यांनी रचलेल्या या खेळात एक महाकाय वानर एका तरुणीला पळवून लोखंडी सांगाड्याच्या टोकावर नेतो. नायक शिड्या चढत, गडगडत येणारी पिंपे चुकवत तिच्याकडे जातो. तरुणी काय करते? वर उभी राहून मदतीसाठी हाका मारते. वाटेत तिची छत्री, पर्स, टोपी पडलेली असते. ती उचलली की गुण मिळतात. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे, तर नायक कर्ता आणि तरुणी कर्म.

अपहृत नायिका कथा-चित्रपटांतही असते. मग खेळालाच दोष का? फरक असा, की कथा आपण ऐकतो, खेळात मात्र स्वतः कृती करतो. कोणते बटण दाबले की कोण हलेल आणि कशाला गुण मिळतील, हे नियम म्हणजेच खेळाचा मजकूर. तो मूल शेकडो वेळा गिरवते.

१९८६ सालच्या ‘मेट्रॉइड’मध्ये चिलखत घातलेला योद्धा ही स्त्री आहे, हे अखेरीस कळते. कल्पना धाडसी होती. पण खेळ जितक्या कमी वेळात पूर्ण करावा, तितके शेवटच्या चित्रात तिच्या अंगावरचे कपडे कमी! शौर्य गाजवणारी नायिका शेवटी खेळाडूचे बक्षीस ठरते.

त्या काळी संगणकाची स्मृती तोकडी होती, चित्रे मोजक्या ठिपक्यांची असत. म्हणून ठरीव साचे वापरावे लागले, असा बचाव केला जातो. तो अर्धाच खरा आहे. तोकड्या स्मृतीमुळे पात्रे ढोबळ झाली. पण वर कोणी उभे राहायचे आणि खालून कोणी चढायचे, हे स्मृतीने ठरवले नव्हते. २०१३ साली एका अमेरिकी गेम-निर्मात्याने आपल्या लहान मुलीच्या हट्टाखातर ‘डाँकी काँग’मधील चित्रांची अदलाबदल केली. आता तरुणी शिड्या चढू लागली आणि नायक सुटकेची वाट पाहू लागला. खेळाचे बाकीचे नियम तसेच राहिले, आणि खेळही तितकाच रंगतो.

नायिका स्त्री केली की प्रश्न सुटला, असेही नाही. निन्टेन्डोच्याच २००५ सालच्या ‘सुपर प्रिन्सेस पीच’मध्ये राजकन्या नायकाला सोडवायला निघते. तिची शस्त्रे कोणती? आनंद, दुःख, राग आणि शांतपणा या भावना. ती रडते, तेव्हा अश्रूंनी आग विझते. कर्तेपद मिळाले, पण ‘बायका भावनाप्रधान’ हा जुना समज त्यासोबत आलाच.

असे खेळ खेळून मुले लगेच तशीच वागू लागतील, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. तरीही निर्मात्याची जबाबदारी उरतेच. निसर्गात फळ आपोआप खाली पडते; खेळात आपोआप काहीच घडत नाही. पात्राची उंची, वेग, कपडे, बोलणे यांतील प्रत्येक गोष्ट कोणीतरी ठरवून लिहिलेली असते. ‘हा तर नुसता खेळ’ असे म्हणून हा निर्णय नाकारता येत नाही.

वर्गात एक सोपा उपक्रम करता येईल. मुलामुलींनी स्वतः खेळलेल्या एका खेळाचा तक्ता करावा: खेळाडूच्या हाती कोण असते? कोणाला वाचवले जाते? बोलते कोण? बक्षीस म्हणून काय मिळते? मग स्त्री-पुरुष पात्रांची अदलाबदल करून तोच तक्ता वाचावा. जिथे हसू येईल, तिथे थांबावे आणि हसू का आले, याची चर्चा करावी. आजच्या शाळेतली काही मुले उद्या असे खेळ रचणार आहेत.